पानाला जागलेलं यंत्र

ओरेस्ट पॅनचुकचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. घड्याळाला गजर त्याने कधी लावला नाही. उठायचं, शिळी कॉफी गरम करून प्यायची, रात्रभर ट्रकचं इंजिन ऊबदार ठेवणारी विजेची तार काढून गुंडाळायची आणि गावच्या रिंकवर, म्हणजे स्केटिंगच्या बंदिस्त बर्फमैदानावर, जायचं. दार उघडल्यावर दिवा लावायच्या आधी तो कान लावायचा. बर्फ गोठवणाऱ्या कॉम्प्रेसरचा आवाज नीट असला तर दिवा. नसला तर अंधारातच तिकडे धावायचं. वाट पायांना पाठ होती.

कॅनडातल्या सस्कॅचवानच्या सपाटीवर ब्रायर लेकसारखी गावं आता फार उरली नाहीत. धान्याचं उंच कोठार पाडलं, बँक गेली, शाळेचे वरचे वर्ग शेजारच्या गावाला गेले. उरलं ते रिंक. हिवाळ्यात गाव तिथेच राहतं म्हटलं तरी चालेल. पोरांची हॉकी, म्हाताऱ्यांचा कर्लिंगचा खेळ, लग्नाचा नाच, आणि कोणी गेलं तर दफनानंतरचं जेवणसुद्धा वरच्या मजल्यावरच्या खोलीत. खाली बर्फ असतो म्हणून वर माणसं येतात. तो बर्फ ओरेस्ट करायचा.

बर्फ करणं म्हणजे पाणी ओतणं असं ज्याला वाटतं, त्याने एकदा करून पाहावं. कडक गरम पाण्याचा पातळ थर द्यायचा आणि थांबायचं. गोठला की दुसरा. घाई केली की बर्फात हवा राहते, तो पांढुरका होतो, आणि स्केटच्या पात्याखाली त्याचे ढलपे निघतात. ओरेस्टचा बाप विहिरीच्या पाण्याने उघड्यावर हे करायचा. ओरेस्टने नववीत शाळा सोडली आणि बापाच्या हातातला पाइप घेतला. केस पांढरे झाले तरी तो खाली ठेवला नव्हता.

सप्टेंबरात रिंकचा भोंगा मेला.

भोंगा म्हणजे कॉम्प्रेसरच्या खोलीतला भिंतीवरचा करडा डबा. बर्फाखालच्या काँक्रीटमधलं तापमान तो बघत राहायचा. बर्फ तापायला लागला की ओरेस्टच्या घरी फोन लावायचा. डबा बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती. नव्या डब्याची किंमत गावसमितीने मागवली. आकडा पाहिला आणि कागद घडी करून ठेवला.

हार्वी क्लासेन समितीचा प्रमुख होता आणि लहानपणापासूनचा ओरेस्टचा मित्र. गावच्या सहकारी दुकानातल्या कॅफेत त्याने ओरेस्टला बसवून घेतलं.

"नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात विमा कंपनीची बाई येणार आहे. भोंगा वाजला नाही तर विमा नाही. विमा नाही तर कुलूप."

"मी तिथेच खाट टाकतो. मीच भोंगा."

"गाढवा, तुझं वय काय? पाच महिने त्या विषारी अमोनियाच्या पिंपाशेजारी झोपणार? तुझी स्टेला मला जिवंत सोडेल का?"

"तिला उलट बरं वाटेल. मी घोरतो."

हार्वी हसला नाही. कॉफीत साखर न घालताच तो चमचा फिरवत राहिला. "समितीत म्हणतात, एक हिवाळा बंद ठेवू. मग पाहू."

"एक हिवाळा बंद राहिलेलं रिंक पुन्हा उघडलेलं पाहिलंस कुठे?"

"नाही पाहिलं," हार्वी म्हणाला. "म्हणून तर तुला बोलावलं. काही सुचतंय?"

ओरेस्टला काही सुचत नव्हतं. पण त्याला कॉलीन डेजार्ले आठवली. बँकेच्या जुन्या इमारतीत गावाचं वाचनालय होतं, ते ती चालवायची. वाचनालयाचे सगळे संगणक तिने दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या यंत्रांतून उभे केले होते. ते बंद पडल्याचं कधी कोणी ऐकलं नव्हतं. भोंग्याचा डबाही शेवटी एक छोटा संगणकच होता ना? ओरेस्टने टोपी हातात घेऊन तिला विचारलं.

कॉलीन आत गेली आणि एक धुळकट यंत्र घेऊन आली. "हे न्या. तापमान मोजायची कांडी मागवून घेऊ, स्वस्त असते. फोनची तार तुमच्या जुन्या डब्याची आहेच. बाकीचं काम यंत्रातली ऑपरेटिंग सिस्टीम करते."

"सिस्टीमचे किती?"

"काही नाही."

"मग यात काहीतरी गोम आहे."

"गोम नाही, ओरेस्ट. जगभरातली माणसं मिळून ती बनवतात आणि वाटून टाकतात. आतली ओळ न् ओळ उघडी आहे. कोणीही वाचावी, कोणीही सुधारावी."

"आणि बिघडली तर फोन कोणाला करायचा?"

"आधी वाचायचं. मॅन्युअल आतच आहे."

ओरेस्टने मान हलवली, पण मनात काही धरलं नाही. मॅन्युअल म्हणजे काय ते त्याला माहीत होतं. कॉम्प्रेसरसोबत आलेलं पुस्तक तेलाने काळं होईपर्यंत त्याने वापरलं होतं. त्यातलं चित्र भलत्याच मॉडेलचं होतं. जिथे खरी अडचण यायची तिथे 'अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधावा' असं छापलेलं असायचं. समासात ओरेस्टने पेन्सिलीने जागोजागी लिहून ठेवलं होतं: 'खोटं.' 'उलटं.' 'हा नट इथे नाहीच.'

म्हणून त्याने सगळे करतात तेच केलं. तापमानाचा भोंगा कसा बनवायचा ते घरी बसून फोनवर शोधलं. लगेच एक पान सापडलं. लिहिणाऱ्याने मोठ्या थाटात 'पाच मिनिटांत' असं म्हटलं होतं. कॉम्प्रेसरच्या खोलीत जाड काँक्रीटमुळे फोन चालत नाही, म्हणून ओरेस्टने त्या पानावरचे हुकूम, म्हणजे कमांड, एका पाकिटाच्या पाठीवर उतरवून घेतले, तिथे नेले आणि एका बोटाने, एकही अक्षर न चुकता टाइप केले.

यंत्राने थोडी घरघर केली आणि पडदा काळा झाला. परत चालू केलं तेव्हा ते कोण, कुठलं, काहीच त्याला आठवत नव्हतं.

ते यंत्र काखेत घेऊन तो वाचनालयात आला तेव्हा गाडीखाली आलेलं कुत्रं आणल्यासारखा त्याचा चेहरा होता.

"वाचलंत का?" कॉलीनने विचारलं.

"वाचलं की. हे बघ." त्याने पाकीट पुढे केलं.

तिने वाचलं आणि डोळे मिटले. "हे आपल्या सिस्टीमचं नाहीच. हिच्यासारख्याच दुसऱ्या सिस्टीमचं, हिच्या चुलत बहिणीचं आहे. हुकूम दिसायला तेच, अर्थ वेगळा. तिच्याकडे हे नाव नोंदींसाठी बाहेरून लावलेल्या, कोऱ्या करायच्या पेनड्राइव्हचं. आपल्याकडे तेच नाव आतल्या मुख्य डिस्कचं. तुम्ही डिस्क पुसलीत."

"हे दुसरीचं आहे असं त्यात कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही. नेटवर सांगणारा आपलं गाव सांगत नाही. केव्हा लिहिलं तेही सांगत नाही. सगळे शिकाऊ लोक इथेच आपटतात. मीसुद्धा आपटले होते."

ओरेस्टने पाकीट परत खिशात घातलं.

"मला सांगा, रस्त्यावरच्या कोणीतरी सांगितलं म्हणून तुम्ही अमोनियाचा व्हॉल्व्ह फिरवाल?"

"हात मोडीन त्याचा."

"मग?"

"मग काय. कळलं. चल, दाखव तुझं मॅन्युअल."

तिने सिस्टीम पुन्हा चढवली. मग त्याला तीन अक्षरांचा एक हुकूम शिकवला. तो हुकूम, पुढे ज्याची माहिती हवी त्याचं नाव. पान समोर हजर. नेट नको, फोन नको.

"आणि नावच माहीत नसेल तर?" ओरेस्टने विचारलं. "मला तर यातलं एकही नाव माहीत नाही."

"काम माहीत आहे ना? कामाचा एखादा शब्द द्या. ज्या ज्या पानाच्या माथ्यावर तो शब्द असेल, ती सगळी पानं ते सांगेल."

त्याने तापमानाचा शब्द दिला. आठ-दहा ओळी उमटल्या. प्रत्येकीत एक नाव आणि ते काय करतं याचं एक छोटं वाक्य. मधल्या एका ओळीवर त्याचं बोट थांबलं. तापमानावर नजर ठेवणारा आणि मर्यादा ओलांडली की सांगितलेलं काम करणारा प्रोग्रॅम. ज्याच्यासाठी समितीने कागद घडी करून ठेवला होता, ते काम. ते आधीपासूनच आत बसलेलं होतं. कोणीतरी केव्हाच करून ठेवलेलं, फुकट, आणि माथ्यावर नाव लावून.

"हे पहिल्या दिवसापासून आत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि मी घरी जाऊन फोनवर शोधत बसलो."

"पाकीट जपून ठेवा," कॉलीन म्हणाली. "भिंतीला लावा."

ऑक्टोबरभर ओरेस्ट कॉम्प्रेसरच्या खोलीत उपड्या बादलीवर बसून वाचत होता. ओळीवर बोट ठेवून वाचायची त्याची शाळेपासूनची सवय होती. पडद्यावर बोटाचे डाग पडले. सुरुवातीला एका पानाला अख्खी सकाळ लागायची. पण त्याला एक गोष्ट लवकर उमगली. प्रत्येक पान एकाच रीतीने रचलेलं होतं. आधी नाव. मग वापरायचं कसं. मग हुकमाला जोडायचा प्रत्येक पर्याय काय करतो. मग फाइली कुठे असतात. मग एखादं उदाहरण, तेही खरोखर चालणारं. एकही शब्द फुकट खर्च केलेला नव्हता. ज्याने स्वतः काम केलंय तोच असं बोलतो, हे ओरेस्टला कळत होतं. तो स्वतःही तसाच बोलायचा आणि बायको त्याला मुखदुर्बळ म्हणायची.

पानाच्या तळाशी 'हेही पाहा' म्हणून दुसऱ्या पानांची नावं असायची. त्या पानाच्या तळाशी आणखी. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. कुठेही गेलं तरी मागचा माणूस तिथे पोचलेला असायचा आणि दिवा लावून गेलेला असायचा. हुकूम पहिल्यांदा कधी बनला, कोणी बनवला, हेही असायचं. काही हुकूम तो पोरवयात बापामागे पाइप ओढत होता तेव्हाचे होते. इतकी वर्षं माणसं ती पानं घासून पुसून ठेवत आली होती. ज्यांना कोणी ओळखत नाही अशी माणसं. पगाराशिवाय.

आणि मग त्याला ते दिसलं. काही पानांच्या अगदी शेवटी एक मथळा होता: दोष. त्याखाली बनवणाऱ्यानेच लिहिलं होतं की या प्रोग्रॅमला हे अजून जमत नाही, अमुक वेळी तो चुकतो, याला याहून चांगली तोड मला सुचलेली नाही.

ओरेस्टने ते बोट ठेवून पुन्हा वाचलं. मग उठून त्याने फळीवरचं कॉम्प्रेसरचं पुस्तक काढलं, शेवटचं पान उघडलं. तिथे दोषांच्या जागी कंपनीच्या इमारतीचं चित्र होतं.

घरी जेवताना त्याने स्टेलाला सांगितलं. "स्वतःच्या हाताने लिहितात गं. माझी वस्तू इथे कच्ची आहे म्हणून. सही करून."

स्टेला बटाट्याच्या पेरोगी करंज्यांवर परतलेला कांदा वाढत होती. "मग तूही लिही. 'दोष: घोरतो. बूट दारातच आडवे टाकतो.'"

"हसू नकोस. आयुष्यात असं कोणी केलेलं मी पाहिलं नाही."

ती हसायची थांबली. नवरा एखाद्या गोष्टीबद्दल इतकं सलग बोललेला तिनेही पाहिला नव्हता.

ऑक्टोबर सरता सरता त्याने काम उभं केलं. कांडी लावली, फोनची तार जोडली, मर्यादा लिहिली: काँक्रीट उणे तीन अंशांच्या वर गेलं की घरी फोन लावायचा. पानात म्हटलं होतं की मर्यादा शून्याच्या वरची असो वा खालची, दोन्ही चालतात. ओरेस्टने तसंच लिहिलं. पण जे हाताने तपासलं नाही ते झालं असं तो कधी मानत नसे. त्याने बादलीत बर्फ आणि मीठ कालवलं, कांडी त्यात बुडवली आणि बादली हीटरशेजारी ठेवली.

उणे दहा. उणे सात. उणे चार. उणे तीन.

फोन लागला नाही.

उणे एक. शून्य. बर्फ वितळून पाणी झालं. फोन लागला नाही. पाणी शून्याच्याही वर काही अंश चढलं तेव्हा कुठे यंत्राने घरी फोन लावला. खरंच बर्फ असता तर तोवर त्यावर बदकं पोहली असती.

त्याने पान पुन्हा वाचलं. बोट ठेवून वाचलं. बादली पुन्हा भरली. पुन्हा तेच. आता आठवडाभराच्या आत विम्याची बाई येणार होती. चूक माझीच, असं त्याने धरलं. इतक्या नीट लिहिलेल्या पानापुढे नववी शिकलेला आपण. दुसरं काय असणार?

"चूक कदाचित तुमचीच असेल," कॉलीन म्हणाली. "विचारा सिस्टीम बनवणाऱ्यांना. पण त्या लोकांना रडगाणं चालत नाही. कुठलं पान वाचलं, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. एवढंच लिहा."

"एवढंच लिहिता येतं मला."

वाचनालयातल्या संगणकावरून त्याने पत्र पाठवलं. बादली, मीठ, हीटर, सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं: 'मी पान चुकीचं वाचत असेन तर कुठे ते सांगावं.'

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. लिहिणाऱ्याने नावाच्या जागी नुसतं इव्हो लिहिलं होतं. कुठला ते नाही.

'तुम्ही पान बरोबर वाचलंत. प्रोग्रॅम मर्यादेतलं उणे चिन्ह गाळतोय, म्हणून तुमचं उणे तीन त्याने अधिक तीन धरलं. आम्ही सगळे हे वापरतो ते संगणक तापू नये म्हणून. शून्याखाली कोणाला गरज पडली नव्हती. दुरुस्ती सोबत आहे. तुमच्या बादलीवर करून पाहा आणि कळवा.'

ओरेस्टने ते दोनदा वाचलं. "हा माणूस पान का नाही बदलत?" त्याने विचारलं. "एक ओळ घालायची. 'शून्याखाली चालत नाही.' काम संपलं. आमच्या कॉम्प्रेसरवाल्यांनी हेच केलं असतं."

"इथे तसं नसतं," कॉलीन म्हणाली. "पान म्हणजे दिलेला शब्द. यंत्र शब्दाला जागलं नाही, तर यंत्र सुधारायचं."

"पानासाठी यंत्र सुधारायचं?"

"हो."

ओरेस्ट खुर्चीत मागे टेकला. बाहेर धुळीचा वारा सुटला होता आणि बँकेच्या जुन्या खिडक्या खडखडत होत्या. सबंध आयुष्यात त्याने पुस्तकं यंत्रापुढे नमताना पाहिली होती. समासातली त्याची पेन्सिल हेच करत आली होती. आज कुठल्यातरी परक्या माणसाने, सस्कॅचवानातल्या एका बादलीचं ऐकून, एका वाक्याचा मान राखण्यासाठी यंत्र उघडलं होतं.

"असं सगळ्यांनी केलं असतं तर मला समासात पेन्सिल लागली नसती," तो हळू आवाजात म्हणाला.

दुरुस्ती चढवायची कशी याचंही पान होतं. ते त्याने वाचलं आणि कोणालाही न विचारता केलं. मग बादली. उणे तीनचा आकडा ओलांडताक्षणी यंत्राने खटखट करत फोन लावला. त्याने इव्होला कळवलं: 'लागला.' इव्होने कळवलं: 'आभार. दुरुस्ती सिस्टीममध्ये घेतली.'

विम्याची बाई आली ती चकचकीत बूट घालून. कॉम्प्रेसरच्या खोलीत तिने आधी भिंतीवरचं पाकीट वाचलं, मग फळीवरचं जुनं यंत्र पाहिलं. "हाच भोंगा?"

"हाच," हार्वी म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. ओरेस्टने मीठ आणि बर्फाची बादली हीटरशेजारी ओढली आणि कांडी तिच्यात बुडवली.

तिघे बादलीभोवती उभे राहिले. यंत्र खटखटलं. पण त्यांच्या खोलीत काहीच वाजलं नाही, कारण फोन लागला होता ओरेस्टच्या घरी. बाईने भुवया उंचावल्या. हार्वीने ओरेस्टकडे पाहिलं. तेवढ्यात रिंकच्या ऑफिसातला फोन कोकलायला लागला. हार्वी धावला, त्याने तो लाउडस्पीकरवर टाकला.

"ओरेस्ट!" स्टेलाचा आवाज इमारतभर घुमला. "तुझा बर्फ वितळतोय म्हणून घरी फोन आलाय आणि तू कुठे उलथलायस?"

बाईने कागदावर सही केली.

त्या शनिवारी ओरेस्टने पहिला थर दिला. पाच दिवस थर देत राहिला. पुढच्या रविवारी गाव आलं. पोरं बर्फावर सुटली, वरच्या खोलीत बायकांनी कोबीच्या गुंडाळ्या आणि कॉफी मांडली. हार्वीने ओरेस्टच्या पाठीत इतक्या जोरात थाप मारली की त्याच्या हातातली कॉफी सांडली.

सिस्टीमची पुढची आवृत्ती यायची होती. पण तिच्यातल्या बदलांची नोंद रोज सगळ्यांसमोर उघडी असते. कॉलीनने ती त्याला दाखवली. इव्होच्या दुरुस्तीखाली एक ओळ होती: 'शून्याखालची मर्यादा आता पानात म्हटल्याप्रमाणे पाळली जाते. ब्रायर लेकच्या ओरेस्ट पॅनचुकच्या लक्षात आलं.' ओरेस्टने त्या ओळीवर बोट ठेवलं. यापुढे जगात जिथे जिथे ही सिस्टीम चढेल तिथे ती दुरुस्ती जाणार होती. त्याच्या हातून झालेलं सगळं काम आजवर दर वसंतात वितळून गटारात जात आलं होतं. त्याचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं. तरी त्याने बोट लवकर उचललं नाही.

डिसेंबरचा पगार झाला. ट्रकला नवे टायर घ्यायचे म्हणून तो पगार आधीच ठरलेला होता. ओरेस्ट वाचनालयात गेला. सिस्टीमला मदत कशी करावी याचंही एक पान होतं, ते त्याने काढलं. तिथेही एकही शब्द फुकट नव्हता. प्रोग्रॅम तपासा. पानं वाचा, चूक दिसली तर कळवा. जुनी यंत्रं द्या. आणि शेवटी: ज्या खोलीत आमची यंत्रं रात्रंदिवस चालतात तिचं वीजबिल.

वीजबिल म्हणजे काय, हे कॉम्प्रेसर सांभाळणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. टायरांचे पैसे त्याने त्या बिलासाठी पाठवून दिले.

कॅफेत हार्वीला कळलं तेव्हा त्याने कपाळावर हात मारला. "फुकट मिळालेल्या वस्तूचे पैसे भरणारा तू जगात एकटा असशील, म्हाताऱ्या. आणि टायर?"

"जुन्यांनाच साखळ्या बांधीन, बर्फावर पकड येते."

"ती माणसं कोण, कुठली, माहीत तरी आहे?"

"नाही," ओरेस्ट म्हणाला. "पण ती काम कसं करतात ते माहीत आहे."

तो हिवाळा त्याने गुळगुळीत टायरांवर साखळ्या बांधूनच काढला. पहाटे साडेचारला गल्लीतून त्या खळखळत जायच्या. आणि कुठल्यातरी न पाहिलेल्या तळघरात, यंत्रांच्या एका रांगेचं डिसेंबरचं वीजबिल ब्रायर लेकच्या बर्फवाल्याच्या पगारातून भरलं गेलं होतं.